१९५० च्या दशकातल्या प्रायोगिक प्रवासी गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एरोट्रेनचा फोटो एकदा पाहिला की डोक्यातून जात नाही. समोर मोटारीसारखी वळवलेली मोठी काच, मागे बसच्या डब्यांची रांग, आणि खाली चक्क रूळ. रेल्वेप्रेमींच्या गप्पांमध्ये हा फोटो निघाला की दरवेळी तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. भर अमेरिकेवर आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त गाजावाजा तिथे झाला. पण स्पेन आणि जपानशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते.

प्रायोगिक गाड्या म्हणजे नेमक्या कोणत्या?

१९५५ ते १९५७ या काळात अमेरिकन रुळांवर आलेल्या हलक्या, बहुतेक बुटक्या, आणि काही जोडडब्यांच्या (म्हणजे शेजारचे दोन डबे मधल्या एकाच चाकजोडीवर किंवा बोगीवर टेकलेले) गाड्या. जनरल मोटर्सची एरोट्रेन, पुलमन-स्टँडर्डने बांधलेली 'ट्रेन एक्स' (न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वेवर तिचं नाव 'एक्सप्लोरर'), स्पॅनिश तालगोच्या रचनेवर एसीएफ कंपनीने बनवलेली 'जेट रॉकेट' आणि 'जॉन क्विन्सी अॅडम्स', आणि बड कंपनीचा 'पायोनियर थ्री' डबा. यातल्या बहुतेक गाड्या दोन-तीन वर्षांतच मुख्य मार्गांवरून हटल्या.

एवढे सगळे प्रयोग एकदम का सुरू झाले?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन गाड्या खच्चून भरलेल्या असायच्या. युद्ध संपलं, पेट्रोलचं रेशनिंग उठलं आणि लोक मोटारीकडे वळले. लांबच्या प्रवासासाठी विमान आलं. जून १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदाही मंजूर झाला. प्रवासी गाड्यांचा तोटा वाढत होता आणि तिकडच्या रेल्वे कंपन्या खासगी, त्यामुळे तो तोटा भरून द्यायला सरकार नव्हतं.

तेव्हाचा अमेरिकन प्रवासी डबा साधारण २६ मीटर लांब आणि वजनाला ६० टनांच्या घरात. एका माणसाला हलवायला जवळजवळ एक टन पोलाद ओढायचं, असा तो हिशोब. डबा निम्म्याने हलका केला तर इंजिन लहान लागेल, इंधन कमी जळेल, गाडी वळणावर वेगाने जाईल आणि तिकीटही स्वस्त करता येईल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. माझ्या मते त्यात चूक काहीच नव्हती. चूक पुढे झाली.

एरोट्रेन कशी होती?

जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागात, हार्ली अर्ल यांच्या हाताखाली, चक जॉर्डन यांनी तिचं रूप ठरवलं. हेच जॉर्डन पुढे कंपनीच्या संपूर्ण डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. इंजिन कंपनीच्याच ईएमडी कारखान्याचं, १,२०० अश्वशक्तीचं. आतलं १२ सिलिंडरचं डिझेल यार्डात शंटिंग करणाऱ्या इंजिनात असायचं तेच. बाहेरून झेपावणारं वाटणारं हे इंजिन आतून कष्टकरी शंटर होतं.

डबे दहा, आणि ते खरोखर बसचे. कंपनी लांब पल्ल्याच्या ज्या बस बांधत होती, त्यांचाच सांगाडा १८ इंच रुंद केला होता. एका डब्यात ४० माणसं, गाडीत ४००. डब्याची लांबी सुमारे १२ मीटर आणि वजन सुमारे १६ टन. सामान ठेवायची जागा बसप्रमाणेच पोटात, बाहेरून झाकण उघडून बॅगा आत सरकवायच्या. रचना ताशी १६० किलोमीटरसाठी केलेली.

चाकांकडे मात्र नीट बघायला हवं. नेहमीच्या डब्याखाली दोन बोगी असतात. (आपल्याकडे डब्यालाच बोगी म्हणायची सवय आहे, पण बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची फिरती चौकट.) एरोट्रेनच्या डब्याला बोगी नव्हतीच. पुढे एक आस, मागे एक आस, एकूण चार चाकं, आणि डबा हवेच्या पिशव्यांवर टेकलेला. शिवनेरीच्या जाहिरातीत आपण जे 'एअर सस्पेन्शन' वाचतो, त्याच जातीची ही सोय. हमरस्त्यावर ती बस लोण्यासारखी चालायची, मग रुळांवर का चालणार नाही, असा विचार होता.

मग ती फसली कशामुळे?

मुख्य कारण धक्के. आपल्याकडे मालगाडीच्या शेवटी चारचाकी ब्रेकव्हॅन असायची. तिच्यात रात्रभर बसलेल्या गार्डला विचारा, दोन आसांचा डबा वेगात कसा वागतो ते. बोगीचा डबा रुळातला खड्डा अर्धा गिळतो: बोगीचं पुढचं चाक खाली गेलं तरी मागचं वरच असतं, आणि डबा त्या दोघांच्या मधोमध टेकलेला असल्यामुळे त्याला निम्माच हिसका बसतो. एकेरी आसावर तो अख्खा वर येतो. तेव्हाचे अमेरिकन रूळ ३९ फुटांच्या तुकड्यांचे होते, आणि डाव्या-उजव्या रुळांचे सांधे एकमेकांसमोर न ठेवता आलटून पालटून ठेवायची तिकडची पद्धत. त्यामुळे सांध्यावर गाडी आधी एका अंगाला झुकते, मग दुसऱ्या. ६० टनांचा डबा हे अंगावर झेलतो. १६ टनांचा डबा ते प्रवाशाच्या कपापर्यंत पोहोचवतो.

दुसरं कारण ताकद. १,२०० अश्वशक्तीवर सपाटीला भागत होतं. युनियन पॅसिफिक रेल्वेने डिसेंबर १९५६ मध्ये तिला लॉस एंजेलिस ते लास व्हेगस मार्गावर 'सिटी ऑफ लास व्हेगस' म्हणून लावलं. वाटेत काहोन खिंडीचा चढ. कर्जतला गाडी थांबते, बँकर म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात आणि मग बोरघाट चढतो, हे मुंबई-पुणे करणाऱ्यांना सांगायला नको. एरोट्रेनलाही तिथे मदतीचं इंजिन घ्यावं लागायचं. हलकेपणा हाच जिचा सगळा डौल, तिला चढावर दुसऱ्याच्या जोरावर जावं लागलं, हे बघून त्या अभियंत्यांना काय वाटलं असेल, असं माझ्या मनात नेहमी येतं.

तिसरं कारण रेल्वेत काम करणाऱ्यांना लगेच पटेल. दिवाळीत गर्दी वाढली की आपण दोन जादा डबे जोडतो, आणि एक डबा बिघडला तर तो काढून दुसरा लावतो. या गाड्यांच्या जोडण्या वेगळ्या असल्यामुळे त्यांना नेहमीचा डबा लागत नव्हता. एक डबा आजारी पडला की अख्खी गाडी शेडमध्ये.

कोणकोणत्या मार्गांवर ती धावली?

फेब्रुवारी १९५६ पासून पेनसिल्व्हेनिया रेल्वेने न्यू यॉर्क–पिट्सबर्ग चालवून पाहिली. न्यू यॉर्क सेंट्रलने शिकागोच्या बाजूला वापरली, सांता फे रेल्वेने चाचणी घेतली, मग युनियन पॅसिफिक. काही महिने वापरायची आणि परत करायची, असंच सगळीकडे झालं. १९५८ मध्ये रॉक आयलंड रेल्वेने बांधलेल्या दोन्ही एरोट्रेन विकत घेतल्या आणि शिकागोच्या उपनगरी फेऱ्यांना लावल्या. ताशी १६० किलोमीटरसाठी बांधलेली गाडी १९६६ पर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ कार्यालयात जाणारी माणसं नेत होती.

जनरल मोटर्स मोटारी विकायची. मग तिने मुद्दाम वाईट गाडी बनवली का?

हा संशय बरेच जण बोलून दाखवतात. मला तो पटत नाही. ईएमडीची डिझेल इंजिनं रेल्वे कंपन्याच घेत होत्या आणि अमेरिकेतलं वाफेचं युग संपवण्यात या कारखान्याचा वाटा सगळ्यात मोठा. त्याआधी १९४७ मध्ये काचेच्या घुमटाचे चार डबे लावलेली 'ट्रेन ऑफ टुमॉरो' ही प्रदर्शनगाडीही जनरल मोटर्सनेच पुढाकार घेऊन काढली होती. रेल्वे जगली तर गिऱ्हाईक जगणार होतं. एरोट्रेनमध्ये कपट नव्हतं, घाई होती. बसचा तयार साचा हाताशी होता, तो वापरला की डबा स्वस्तात होणार होता. रूळ आणि चाक एकमेकांशी कसं वागतात, याचा अभ्यास मात्र नव्याने करावा लागला असता, आणि तेवढा दम कोणी धरला नाही.

तालगो म्हणजे काय? तीही हलकीच होती ना?

हलकी होती, आणि आजही धावतेय. मला सगळ्यात जास्त प्रेम याच गाडीचं आहे.

आलेहांद्रो गोइकोएचेआ या स्पॅनिश अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची कल्पना रुळांवर उतरवली. पैसा होसे लुईस ओरिओल यांचा. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं आणि 'हलकी जोडगाडी' या अर्थाचे स्पॅनिश शब्द मिळून 'तालगो' हे नाव झालं.

रचना अशी: डब्याच्या मागच्या टोकालाच चाकांची एक जोडी, पुढचं टोक शेजारच्या डब्यावर टेकलेलं. बैलगाडीमागे बैलगाडी जोडत गेलात आणि प्रत्येकीचं जू पुढचीवर टेकवलंत, तर चित्र डोळ्यासमोर येईल. त्यामुळे चाक पुढच्या डब्यामागून ओढलं जातं आणि वळणावर रुळाच्या कडेवर चढायला बघत नाही.

दुसरी करामत चाकातच आहे. नेहमीच्या गाडीत डावं-उजवं चाक एकाच आसावर घट्ट बसवलेलं असतं, दोन्ही एकाच गतीने फिरतात. चाकाचा काठ किंचित उतरता असल्यामुळे गाडी मधोमध यायला बघते, पण वेग वाढला की हीच ओढ नागमोडी हिसक्यांमध्ये बदलते. तालगोची दोन चाकं आपापली फिरतात, म्हणून ती नागमोड मुळातच मोडते. आणि मध्ये आस नसल्यामुळे डब्याची जमीन चाकांच्या मध्ये खाली उतरवता येते. गाडी बुटकी, गुरुत्वमध्य खाली, वळणावर स्थिर.

'तालगो दोन' अमेरिकेत एसीएफने बांधली आणि जुलै १९५० मध्ये माद्रिदहून फ्रान्सच्या सीमेकडे नियमित धावू लागली. तिची अडचणही सांगायला हवी: ती एकाच दिशेने चालायची. शेवटच्या स्थानकावर अख्खी गाडी त्रिकोणी रुळांवरून फिरवून आणावी लागे. १९६४ च्या 'तालगो तीन'मध्ये ते दुखणं गेलं. म्हणजे चौदा वर्षं एकाच रचनेवर काम करत ती सुधारली. अमेरिकेत तीच रचना घेतलेल्या गाड्यांना दोन वर्षंही मिळाली नाहीत.

ट्रेन एक्सची गोष्ट काय?

तिच्यामागे रॉबर्ट यंग हा माणूस होता. चेसपीक अँड ओहायो रेल्वेचा प्रमुख, आणि प्रवाशांसाठी खरोखर भांडणारा. १९४६ मध्ये त्याने दिलेली जाहिरात गाजली: डुक्कर गाडी न बदलता देश पार करू शकतं, तुम्ही नाही. शिकागोला तेव्हा प्रवाशांना गाडीच नाही, तर बऱ्याचदा स्थानकही बदलावं लागायचं. त्याला डोळ्यासमोर ठेवून ती जाहिरात होती.

१९५४ मध्ये भागधारकांची मतं मिळवून यंगने न्यू यॉर्क सेंट्रल ताब्यात घेतली, आणि १९५६ मध्ये 'एक्सप्लोरर' क्लीव्हलँड–सिनसिनाटी मार्गावर आली. नऊ बुटके डबे, दोन डब्यांमध्ये एकच आस. इंजिन बाल्डविनचं, पण आतलं डिझेल जर्मन माइबाखचं आणि शक्ती चाकांपर्यंत विजेऐवजी द्रवाच्या मदतीने पोहोचवणारी यंत्रणा. अमेरिकन शेडमधल्या मिस्त्रींचा हात विजेच्या मोटारींवर बसलेला, आणि समोर आलं हे परकं यंत्र. पुढच्याच वर्षी गाडी बंद झाली. जानेवारी १९५८ मध्ये यंगने आत्महत्या केली. त्याच्या चुका काढणारे पुष्कळ आहेत, पण तिकडच्या मोठ्या रेल्वे मालकांमध्ये प्रवाशाच्या बाजूने इतक्या मोठ्या आवाजात बोलणारा दुसरा कोणी मला दिसत नाही.

न्यू हेवन रेल्वेने एकदम तीन गाड्या का घेतल्या?

बॉस्टन–न्यू यॉर्क मार्ग वळणांनी भरलेला आहे. तिथे बुटकी गाडी वेळ वाचवेल अशी आशा होती. म्हणून ट्रेन एक्सच्या जातीची 'डॅनल वेब्स्टर', तालगोच्या जातीची 'जॉन क्विन्सी अॅडम्स' आणि बडची 'रॉजर विल्यम्स', अशा तीन वेगवेगळ्या रचना एकाच कंपनीने घेतल्या. पहिल्या दोन लवकरच थांबल्या. 'रॉजर विल्यम्स' नेहमीच्या बोगींवर चालणारी होती, ती टिकली.

मग या सगळ्यातून काहीच उरलं नाही का?

बरंच उरलं, पण ते फोटोत उठून दिसत नाही.

बडचा 'पायोनियर थ्री' दिसायला साधा स्टेनलेस स्टीलचा डबा. त्यांनी बोगी काढून टाकली नाही, तीच हलकी केली. या डब्यापासून फिलाडेल्फियाच्या उपनगरी 'सिल्व्हरलाइनर' गाड्यांची सुरुवात झाली, आणि त्याच्या बोगीची रचना १९७० च्या दशकात अॅमट्रॅक या अमेरिकेच्या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीच्या 'अॅमफ्लीट' डब्यांखाली गेली. अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी न्यू यॉर्क–वॉशिंग्टन प्रवास याच डब्यांतून केला असेल.

एरोट्रेनमध्ये दिव्यांची आणि वातानुकूलनाची वीज इंजिनाकडूनच डब्यांना मिळत होती. तेव्हा अमेरिकेत डबे गरम करायला अजून इंजिनातून वाफ सोडत. आज आपल्याकडे एलएचबी या नव्या, जर्मन रचनेच्या डब्यांच्या गाड्यांना 'हेड ऑन जनरेशन' म्हणजे हेच करतात.

जपानचा संबंध कुठे येतो?

तो आल्याशिवाय राहत नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत हे सगळं गुंडाळलं जात होतं, त्याच वर्षी तोक्योच्या ओदाक्यू रेल्वेने आपली ३००० मालिकेची 'एसई' गाडी आणली. हलकी, बुटकी, जोडडब्यांची, म्हणजे अगदी तेच गुण. पण तिच्या रचनेत जपानच्या सरकारी रेल्वेच्या संशोधन संस्थेतले मिकी तादानाओ होते, ज्यांनी युद्धकाळात विमानांची रचना केली होती. त्याच संस्थेत मात्सुदाइरा होते. विमानाचा पंख वेगात का थरथरतो याचा अभ्यास केलेला हा माणूस, आणि आता गाडी वेगात नागमोडी का जाते यावर काम करत होता. दोन डब्यांमध्ये पूर्ण बोगी ठेवली, एकेरी आस नाही. सप्टेंबर १९५७ मध्ये १,०६७ मिलिमीटर रुंदीच्या अरुंद रुळांवर ती ताशी १४५ किलोमीटर धावली आणि त्या रुंदीपुरता जागतिक विक्रम झाला. त्या अभ्यासावर उभी राहिलेली शिंकानसेन १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली.

जेट इंजिन लावलेली गाडी खरंच होती का?

होती. जुलै १९६६ मध्ये न्यू यॉर्क सेंट्रलने एका डिझेल रेलकारच्या छतावर दोन जुनी जेट इंजिनं बसवली आणि इंडियाना-ओहायोच्या सरळ रुळांवर ती ताशी सुमारे २९६ किलोमीटर पळवली. हेतू वेगात रूळ आणि चाकांवर काय ताण येतो ते मोजण्याचा होता, प्रवासी सेवा सुरू करण्याचा नव्हता.

भारतात त्या काळात असं काही झालं?

झालं, आणि ते यशस्वी झालं म्हणून त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही. २ ऑक्टोबर १९५५ ला मद्रासजवळ पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली. रचना स्विस श्लीरेन कंपनीच्या मदतीने घेतलेली: लाकडी डब्यांच्या जागी पूर्ण पोलादी डबा, ज्यात भिंती आणि छत मिळून भार उचलतात. बोगी कायम ठेवली. एरोट्रेन आली त्याच वर्षीचा हा निळा-तांबडा डबा २०१८ पर्यंत बनत राहिला. डेक्कन, महाराष्ट्र, सह्याद्री, कुठल्याही एक्स्प्रेसने पूर्वी कधी गेला असाल तर त्यात बसला आहात.

मुंबईला आलेली तालगो तीच का?

त्याच घराण्यातली. २०१६ मध्ये तालगोचे डबे स्पेनहून जहाजाने मुंबई बंदरात उतरले. स्पेनचे रूळ १,६६८ मिलिमीटर रुंद आणि आपली ब्रॉडगेज १,६७६, फरक फक्त ८ मिलिमीटरचा. उत्तरेत चाचण्या झाल्या, मथुरा–पलवल मार्गावर ताशी १८० किलोमीटर गाठले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये गाडी नवी दिल्लीहून निघून १२ तासांच्या आत मुंबई सेंट्रलला पोहोचली. राजधानीला तेव्हा सोळा तासांच्या आसपास लागत. पुढे ती आपल्याकडे नियमित सेवेत आली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

एरोट्रेनच्या रूपाची छोटी गाडी अजून आहे म्हणतात, ते खरं का?

ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयाने १९५८ मध्ये 'झूलाइनर' नावाची गाडी बांधली, तोंडवळा हुबेहूब एरोट्रेनचा. रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे आपली जुनी बार्शी लाइट आणि विदर्भातली शकुंतला ज्या रुंदीवर धावायच्या तीच. मूळ गाडी दहाएक वर्षांत थांबली, पण ही पोरांना घेऊन त्यानंतरही कित्येक दशकं फिरत राहिली.

मूळ गाड्या कुठे पाहता येतील?

एरोट्रेनची दोन्ही इंजिनं काही डब्यांसह जपलेली आहेत: एक विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, दुसरं सेंट लुइसच्या परिवहन संग्रहालयात. शिकागोला कोणी नातेवाईक असेल तर ग्रीन बे तिथून मोटारीने साडेतीन तासांवर आहे. तालगो दोन माद्रिदच्या देलिसियास स्थानकातल्या संग्रहालयात, आणि ओदाक्यूची एसई जपानमध्ये एबिना इथे.

ग्रीन बेला गेलात तर इंजिनासमोर फोटो काढून होईलच. पण नंतर पाच मिनिटं डब्याशेजारी गुडघ्यावर बसा आणि खाली बघा. पुढे दोन चाकं, मागे दोन चाकं, आणि मध्ये बसच्या पोटातलं सामानाचं झाकण.